कोपीतून दिसणारा बंगला

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दिसू लागतात. बांबू, ताडपत्री, पाण्याचं पिंप, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेल्या बाया. बीडकडच्या, पाथर्डी-जामखेडकडच्या. ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत परमुलखात राहणार. आपण त्यांना टोळी म्हणतो. प्रवासी म्हणायचं कुणाला सुचत नाही.

प्रवासी म्हटलं की पंडिता रमाबाई आठवतात. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या अमेरिकेत गेल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ मराठीत छापलं. तिथल्या बायकांचं शिक्षण, त्यांच्या संस्था, दारूबंदीची चळवळ, सगळं त्यात आहे. बाईनं बाईकडे पाहावं ते असं. पण ज्यांच्याकडे पाहिलं जातं त्यांना पाहणारी कशी दिसते, हे क्वचितच कागदावर येतं. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या ब्रिटिश राजदूताच्या बायकोनं ते लिहून ठेवलंय. १७१७ साली ती सोफियाच्या हमामखान्यात गेली. तिथल्या बायकांनी कपडे उतरवायचा आग्रह धरला, तेव्हा तिनं वरचं वस्त्र बाजूला करून आतली कॉर्सेट दाखवली. त्यांना वाटलं, हिच्या नवऱ्यानं हिला या यंत्रात घालून कुलूप लावलंय. पडद्यातल्या बायकांना पाहुणीच कैदेत दिसली!

आपल्याकडचा हमामखाना भवानीनगरच्या पुढे, कालव्याकाठच्या एका फडाजवळ मला भेटला. बांबू-ताडपत्रीच्या कोपीपुढे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत बसलेली बाई पन्नाशीची असेल. गेल्या हंगामांत कोल्हापूर झालं, बेळगाव झालं. अनुभवाच्या मापानं आमच्या कुठल्याही प्रवासवर्णनकाराच्या तोडीस तोड. ज्याचा ऊस तोडत होती त्या बागायतदाराच्या बंगल्याकडे बोट करून म्हणाली, “मालकीण लई चांगली, पर कोंडल्यावानी ऱ्हाती. हंडाभर पानी मागितलं तर म्हनली, मालकाला इचारते. पान्याला बी इचारावं लागतं व्हय?”

मी हसले, पण बाईचं निरीक्षण खरं होतं. नीरा डाव्या कालव्यानं इथं पिढ्यान्‌पिढ्या पाणी आणलं, पाण्यानं ऊस आणला, उसानं बंगले. बायकांच्या नावावर काय आणलं? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारी कायदादुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली, देशाच्या अकरा वर्षं आधी. तरी बहिणी हक्कसोड पत्रावर सह्या करतात, माहेर तुटू नये म्हणून. उसाचं बिल मालकाच्या खात्यावर जातं.

म्हणून कोपी आणि बंगला सारखे, असं म्हणणं चावटपणा होईल. मालकिणीला संडास आहे, दवाखाना आहे. कोपीतली पहाटे अंधारात आंघोळ उरकते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्यानं घ्यायची, ती दोघांनी फेडायची, हिशेब मुकादमाकडे. आजारी पडलं की खाडा, म्हणजे दंड. त्या खाड्याची भीती केवढी, ते २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलं: बीड जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. बाकीची कारणं काहीही असोत, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीची फळी चढावी लागते, हे त्या आकड्याच्या मुळाशी आहेच.

मला खटकतं ते वेगळंच. अशा बाईकडे आपण जातो ते तिची दुःखं टिपून घ्यायला. तिचं मत कुणी विचारत नाही. कालव्याकाठच्या त्या बाईला मात्र मतं भरपूर. पंढरीच्या वाटेवर निमगाव केतकी, इंदापूरकडे जाणाऱ्या बायका तिनं पाहिल्यात: “त्या बी चालत्यात, आमी बी. त्यान्ला कुनी हटकत न्हाई.” शहरातल्या बायका तिला घाबरट वाटतात. आणि बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमधल्या? कामावरून सुटलेल्या पोरींनी भरलेली बस तिनं रस्त्यावर पाहिली होती. पगार हातात येतो का, असं तिनं मला विचारलं. खात्यावर जमा होतो, म्हटलं.

“आन् कार्ड कुनाच्या खिशात असतंय?”