पडलेलं दान, न पडलेलं दान

पटावरच्या खेळाचा सिनेमा करायचा, तर आधी खेळणाऱ्याच्या हातातला फासा काढून घ्यावा लागतो. अनुराग बासूंचा ‘ल्युडो’ नोव्हेंबर २०२०मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा घरोघरी मोबाइलवर तोच खेळ चालला होता. नातीने मला तो सिनेमा लावून दिला. सोंगट्यांसारखी एकमेकांच्या वाटेत येणारी माणसं, त्यांना इकडून तिकडे फेकणारा पंकज त्रिपाठींचा सत्तूभय्या, आणि मधूनमधून स्वतः बासू पट मांडून पाप-पुण्यावर बोलत बसलेले. गाणं आपल्या भगवानदादांच्या ‘अलबेला’तलं, १९५१चं, सी. रामचंद्रांच्या चालीचं, नशिबाच्या लहरीवरचं. नात खूश. म्हणाली, “आजी, बघ ना, यात चूक कुणाचीच नाही. सगळं आपोआप घडत गेलं.”

त्या वाक्यापाशी मी अडून बसले आहे. कारण आमच्या उरवडे गावात हेच वाक्य मी सिनेमाच्या बाहेर ऐकलं आहे.

७ जून २०२१. दुपारी पाणी शुद्ध करायची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या, सकाळी डबा घेऊन पॅकिंगला गेलेल्या. पिरंगुटपासून मुठ्याकडच्या रस्त्यापर्यंत लोक एकच बोलत होते: त्यांचं तेवढंच लिहिलं होतं. सांत्वनाला गेलेलं माणूस दुसरं काय बोलणार? मीही तिथे मान हलवली असेल. पण काही आठवड्यांनंतरही लोक तेच बोलत राहिले, तेव्हा मला राग आला.

सिनेमातल्या ल्युडोचा जुना भाऊबंद म्हणजे मोक्षपट. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले असे पट उजेडात आणले. हा खेळ ज्ञानदेवांनी रचला असं परंपरा सांगते, सापडलेले पट मात्र बऱ्याच नंतरच्या काळातले आहेत. कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढी घरं पुढे जायचं. घरांना नावं आहेत. सापाच्या तोंडाशी काम, क्रोध, लोभ, मत्सर. शिडीच्या पायथ्याशी दया, सत्संग. साप गिळतो तेव्हा खेळणाऱ्याला कळतं की कशाने गिळलं. पुढे सापशिडीत ही नावं गेली, नुसते आकडे उरले. पच्चीसीचंही इंग्लंडात १८९६ साली ल्युडो म्हणून पेटंट घेतलं गेलं. माणसाच्या करणीचा हिशोब पटावरून पुसला गेला आणि दान तेवढं राहिलं.

पण मोक्षपटाकडेही मी भाबडेपणाने बघू शकत नाही. लोभाच्या घरात माझी सोंगटी जाते ती मी लोभ केला म्हणून नव्हे, कवड्या तशा पडल्या म्हणून. साप चावला तर पाप तुझंच, असा याचा अर्थ लावला, तर त्या बायकांनी कुठलं पाप केलं होतं? हा प्रश्न पटापाशी सुटत नाही. इथे मला बासूंचा सिनेमा जवळचा वाटतो. एकाच घरात येऊन पडलेल्या चार माणसांकडे तो दयेने बघतो.

तरीही प्रेक्षक म्हणून आपल्याला काय हवं असतं ते बघा. १९८५मध्ये ‘क्लू’ या खुनाच्या खेळावरचा सिनेमा अमेरिकेत तीन वेगवेगळ्या शेवटांसह लागला. कुठल्या थिएटरचं तिकीट काढलं, त्यावर खुनी ठरायचा. तो चालला नाही. पुढे व्हिडिओवर तिन्ही शेवट एकापाठोपाठ आले आणि लोक त्याच्या प्रेमात पडले. सगळं काही घडून गेलेलं, पुरतं उलगडलेलं असलं की आपण निवांत बसतो. १९८८ ते ९० ‘महाभारत’ लागायचं, तेव्हा द्यूताच्या भागाला बायका पदर तोंडाला लावून रडल्या. सभेतले भीष्म-द्रोण गप्प बसले म्हणून आम्ही संतापलो, आणि आम्हीही बसूनच होतो. दुर्योधनाचा भाऊ असून विकर्ण उठून बोलला. त्याच्याबद्दल दुसऱ्या दिवशी कुणी बोललेलं मला आठवत नाही.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण ही रूढ तिहेरी वाटणी त्यांना पटली नाही. ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली ते आणि ज्याची झाली नाही ते, असे दोनच भाग ते धरतात. मला ही वाटणी फार मोलाची वाटते. पडलेलं दान भोगावंच लागतं, त्यापुढे मी हात जोडते. पण कारखान्याच्या शेडमध्ये माल कुठे रचायचा, दारं किती ठेवायची, तपासणीला कुणी कधी यायचं, हे त्या सकाळपर्यंत न पडलेलं दान होतं आणि ते माणसांच्या मुठीत होतं. त्यालाही प्रारब्ध म्हणणं हा माझ्या लेखी अधर्म आहे. देवाच्या नावावर माणसाचं देणं खपवणं आहे ते.

नातीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग सिनेमा बघायचाच नाही का?” बघ की. त्या चौघांवर दया येते, ती येऊ दे. फक्त सत्तूभय्याच्या हातात बंदूक कुठून आली, हेही विचार.

आमच्या भागात अजून कितीतरी जणी पॅकिंगच्या कामाला जातात. एकादशीच्या भजनाला त्या भेटतात, तेव्हा टाळ वाटता वाटता मी विचारते: मागचं दार कुठे आहे, ते आतून उघडतं का, त्याच्यापुढे खोकी रचलीत का? काहीजणी विषय बदलतात. एकीने मात्र सुपरवायझरला विचारलं आणि खोकी हलवून घेतली.