सेवेचा वाटा

सेवा हा सद्गुण आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या सद्गुणाची स्तुती एकाने करावयाची आणि आचरण दुसऱ्याने, तो थोडा पारखून घेणे अवश्य आहे. हा विचार मला ग्रंथांतून सुचला नाही. आमच्या जवळा बाजारच्या घरी, थोरल्या बंधूंच्या आजारात सुचला.

गेल्या पावसाळ्यात दादांस इन्फ्लुएंझाने गाठले. ताप उतरेना, खोकल्याने झोप नाही, उठून बसण्याचे त्राण नाही. वहिनींना दमा, म्हणून उशाशी सूनबाई बसली. तिला पाचवा महिना होता. तिला कोणी बसविले नव्हते आणि कोणी उठविलेही नाही. मी सुटीनिमित्त गेलेला; ओसरीवर बसून तिच्या सेवावृत्तीची वाखाणणी करीत होतो. डॉक्टर आले आणि प्रथम त्यांनी हेच विचारले, "या खोलीत यांना कोणी बसवले?" गर्भवतीस हा ज्वर अधिक घातक ठरतो, हे त्यांनी समजावून दिले. दरसाल लस टोचून घेणारा धडधाकट माणूस मी; माझी मान खाली गेली.

१९१८ सालच्या साथीचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. त्या जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उग्र रूप धरून परतली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ऐन तारुण्यातली पुष्कळ, आणि पुरुषांहून स्त्रिया अधिक. स्त्रियांच्या वाट्याचे अपुरे अन्न आणि घरोघरच्या शुश्रूषेचा त्यांच्यावरील भार, ही त्याची कारणे सांगितली जातात. अशा मरणास आपण सहज त्याग म्हणतो. पण त्यागास निवड लागते. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. ती वाट त्यांनी स्वतः धरली होती. जिच्यापुढे दुसरी वाटच ठेवली नाही, तिच्या मरणास त्याग म्हणणे, म्हणजे आपल्या उपेक्षेस गोड नाव देणे होय.

यावर कोणी म्हणेल, मग सर्वांनी पाळीपाळीने बसावे. परंतु वैद्यकशास्त्राचा सल्ला याच्या उलट आहे: रोग पसरू नये म्हणून रोग्याजवळ शक्यतो एकानेच असावे. पेच खरा आहे. तथापि जोखीम एकानेच घ्यावयाची असेल, तर तो एक कोण, हे रूढीने नव्हे, प्रकृती पाहून ठरावे. आणि घरातील उरलेले सर्व श्रम इतरांनी उचलावे. जोखीम वाटता येत नसली, तरी श्रम वाटता येतात.

त्या रात्रीपासून मी बसलो. तोंडास पट्टी, खिडक्या उघड्या, चमच्याचमच्याने पेज आणि पाणी. मध्यरात्री श्वासाची गती मोजताना आपलाच श्वास अडखळतो, हे तेव्हा कळले. पुतण्याने चूल आणि धुणे सांभाळले; वहिनी ताट दाराबाहेर ठेवीत.

दादा बरे झाले. सूनबाईसही काही झाले नाही. हे आमचे शहाणपण नव्हे, सुदैव. पहिल्याच रात्री दादांनी मूत्रपात्र मागितले, तेव्हा ते घरात कोठे ठेवतात हे मला ठाऊक नव्हते. दाराबाहेरून सूनबाईस विचारावे लागले.