जुनं पाणी

मेलेला मासा पाण्यावर तरंगला की माणसं दोनच गोष्टी बोलतात. एक, मासाच कमजोर होता. दुसरी, मोठ्यानं मारला. दुसऱ्या गोष्टीला तर आपल्याकडं जुनं भारदस्त नाव आहे, मत्स्यन्याय. मोठा मासा लहानाला गिळतो, जगरहाटी आहे, विषय संपला. मला अलीकडं या दोन्ही उत्तरांचा संशय येतो.

संशयाला कारण पुण्यातल्या थोरल्याच्या घरची काचेची टाकी. तीन फूट लांब, त्यात तीन-चार जातींचे मासे एकत्र. गुरामी, मॉली, तळाला काच चाटत फिरणारा एक काळा सकर. तीन वर्षं सगळे ठणठणीत. नातवानं हट्ट धरला म्हणून बारा निऑन टेट्रा आणले. बोटाच्या पेराएवढा जीव, अंगावर निळी आणि लाल रेघ. चार दिवसांत नऊ गेले. सूनबाई म्हणाल्या, गुरामीनं मारले असतील. पण एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता, शेपूट कुरतडलेली नव्हती. मग थोरला म्हणाला, "अण्णा, पाणी खराब असतं तर जुने नसते का मेले?"

बोलणं बिनतोड वाटतं. सगळा घोळ तिथंच आहे.

माशाची घाण आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया होतो. तो माशाला जहर. टाकीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते त्या मानानं सौम्य. शेतात युरिया टाकणाऱ्याला यात नवं काही नाही, मातीत नत्राचं असंच होतं. नव्या टाकीत हे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. जुन्या टाकीत ते असतात, पण तिथल्या घाणीला पुरतील एवढेच. एकदम बारा तोंडं वाढली की कमी पडतात. आणि शेवटी उरलेलं नायट्रेट जातं कुठं? कुठंच नाही. थोरला उडून गेलेल्या पाण्याएवढं वरून भरायचा, आतलं काढायचा नाही. पाणी उडतं, क्षार खाली राहतात. त्यात भर घातली ती बोअरच्या जड पाण्याची. आपल्या चोपण जमिनी अशाच तर झाल्या. पाणी दिसायला काचेसारखं नितळ, आणि आत तीन वर्षांचं साठलेलं.

जुन्या माशांना हे कळलं नाही, कारण त्यांना ते रोज थोडं थोडं मिळालं. चिमूटभर आज, चिमूटभर उद्या. निऑन टेट्रा मूळचा अमेझॉन नदीकडचा, हलक्या पाण्यातला. दुकानातून पिशवीत बसून हादरत आला आणि तीन वर्षांचं पाणी त्याला एका मिनिटात मिळालं. जुने जगले ते पाणी चांगलं होतं म्हणून नव्हे. ते पाणी अंगवळणी पडलं होतं, एवढंच. गुरामीचा रंग किती फिका झाला होता हे तरी कुणी पाहिलं? जिवंत आहे ना, मग बरं आहे, असा आपला हिशेब.

दुकानातून येतानाच काही मासे अर्धमेले असतात, हेही खरं. सगळंच पाण्यावर ढकलू नये. माझ्या शेततळ्यात कटला-रोहूची बोटुकली सोडताना मी पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू देतो, मग तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घेतो, तेव्हा कुठं तोंड सोडतो. तरी काही मरतात. पण आधी पाणी तपासायचं आणि मग माशाला नावं ठेवायची, एवढा क्रम तरी सांभाळावा.

माणसांत आपण हा क्रम सांभाळत नाही. आमच्या भावकीतल्या एका घरात गेल्या वर्षी सून आली, विदर्भातली. इकडं पोरांना मुली मिळत नाहीत, म्हणून लांबून आणाव्या लागतात. घर वाईट नाही. मारहाण नाही, दारू नाही, मागणं नाही. अकरा माणसांचा स्वयंपाक, पहाटे चारला उठणं, सगळ्यांच्या शेवटी जेवणं. माहेरी फोन करायचा तो स्पीकरवर, सगळ्यांदेखत. ती "करून राहिली" म्हणायची, की घर हसायचं. वाईट मनानं नाही, पण दिवसातून दहादा. सात महिन्यांत पोरगी माहेरी निघून गेली. बैठक बसली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "टिकली न्हाई." सासू म्हणाली, "आमी न्हाई का दिस काढलं?"

थोरल्याचाच प्रश्न.

आता दोष कुणाचा? गुरामीनं पाणी मुद्दाम बिघडवलं नाही. तो फक्त जगला, आणि जगता जगता पाणी तसं झालं. ज्याच्यामुळं बिघडतं त्यालाच ते कळत नाही, अशी ही चमत्कारिक गोष्ट. काही जण म्हणतात, हेतू नाही तर दोष नाही. मला हे अर्धंच पटतं. पहिला मासा मेला तोवर दोष कुणाचा नाही, असं मी म्हणेन. दुसऱ्यापासून आहे. गुरामीला पाणी बदलता येत नाही, माणसाला येतं. आणि त्या घरातली ही दुसरी सून होती. पहिली वर्षाच्या आत नवऱ्याला घेऊन तालुक्याला वेगळी राहिली, तेव्हा ती भांडखोर ठरली होती.

बैठकीत एक जाणता म्हणाला, मोडा सगळं, पोराला वेगळं काढा. त्यालाही मी मान हलवली नाही. टाकीतलं सगळं पाणी एका दिवशी बदललं तर जुने मासेही दगावतात. त्यांचं अंग त्या पाण्याशी जुळलेलं असतं. चौथा हिस्सा काढायचा, तेवढंच चांगलं घालायचं, दर आठवड्याला, न चुकता. थोरल्यानं तसं केलं तेव्हा दोन-अडीच महिन्यांनी गुरामीचा रंग परत आला. मी बैठकीत एवढंच म्हणालो, फोनचा स्पीकर बंद करा आणि तिला तुमच्या पंक्तीला बसवा. बाकीचं पुढं बघू.

सासू बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भावजी, ही रीत वाईट व्हती म्हंता. मग म्या चाळीस वर्सं कशापायी काढली?"

मला वाटतं, खरी अडचण ही आहे. पाणी खराब होतं असं कबूल केलं, की आपण त्यात सोसलेलं फुकट गेल्यासारखं होतं. म्हणून जुना माणूस त्या पाण्याची राखण करतो. त्याला आपण दुष्टपणा म्हणून मोकळे होतो. माझ्याकडं तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ती गुडघ्यावर हात दाबून उठली. पन्नाशीलाच तिचे गुडघे गेले, तेही कुणी कधी हिशेबात धरलं नाही.

पोरगी अजून माहेरीच आहे. सासूनं परवा तिला फोन केला म्हणतात, मागच्या सोप्यात एकटीनं बसून. काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही.