तीस तासांचं अंतर

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर आहे. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर त्रिज्या हॅवरसाइन सूत्रात घातली की हे उत्तर मिळतं. चार ओळींचा कोड. गंमत म्हणजे हा सर्वांत जवळचा रस्ता भिंतीवरच्या नकाशात वाटतो तसा आडवा जात नाही. तो आर्क्टिक वर्तुळाच्याही वर चढतो आणि पलीकडे उतरतो. ताशी ९०० किलोमीटरने भागलं तर पंधरा तास. प्रत्यक्षात वारे, बंद असलेल्या हवाई हद्दी, मधला थांबा आणि पुढे मुंबईहून साताऱ्यापर्यंतचे अडीचशे किलोमीटर धरले, तर दारापासून दारापर्यंत तीस तासांच्या आत मला कधी जमलेलं नाही.

या तीस तासांना काही नैतिक वजन आहे का? पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२च्या आपल्या गाजलेल्या निबंधात, अंतराने कर्तव्य कमी होत नाही, असं म्हटलं. समोरच्या उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवणं कर्तव्य असेल, तर हजारो मैलांवर उपाशी मरणाऱ्याला मदत करणंही कर्तव्यच. निमित्त होतं १९७१च्या पूर्व बंगालमधल्या हालांचं. मला हे पटतं. पण हा युक्तिवाद मुख्यतः पैशाबद्दल आहे, आणि पैसा काही मिनिटांत पोचतो. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल मी इथून भरलं. रात्री तिला धरून बाथरूमपर्यंत नेलं ते काकूने. माझ्या बिलाने काकूचं काम एक पायरीसुद्धा हलकं केलं नाही.

पुण्यात राहून वर्षातून दोनदाच साताऱ्याला जाणारे कितीतरी आहेत, हा इथल्या आम्हा मंडळींचा आवडता प्रतिवाद. खरा आहे, पण उपयोगाचा नाही. पुणेकराला रात्री बाराला फोन आला तर निघावं की नाही हे त्याला दर वेळी ठरवता येतं. मी ते ऑफर लेटरवर सही करताना एकदाच ठरवलं, पुढच्या सगळ्या रात्रींसाठी. आई-बाबा 'जा' म्हणाले होते, हे खरं. पण आई-बाप अशा वेळी दुसरं काय म्हणणार? त्या होकाराला मी संमती म्हणायला कचरतो.

मागच्या दिवाळीत बाबांनीच विषय काढला. परदेशातल्या मुलासाठी बर्फात ठेवून वाट बघत बसतात, ते त्यांना अजिबात आवडत नाही. "तुला पोचायला किती तास लागतात रे?" मी तीस म्हटलं. थोडा विचार करून ते म्हणाले, मग अग्नी द्यायचं काकाच्या मुलाला सांगून ठेवतो. आई आतून म्हणाली, तीस तास काही फार नाहीत, मी असले तर थांबवीन. या मुद्द्यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.