पाय पसरता येतील एवढी ऊब



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८. जोडीला भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट.

५८ वा श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ आहे. कासव आपले अवयव सगळीकडून आत ओढून घेतं, तशी ज्याची इंद्रियं विषयांपासून मागे फिरतात त्याची बुद्धी स्थिर झाली, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीवर दगडी कासव असतं. लहानपणी आपण त्याच्यावर पाय पडू नये म्हणून उडी मारून पुढे जायचो. ते तिथे का बसवलंय याचं उत्तर बहुतेक वेळा हाच श्लोक असतो.

पण आजचा प्रश्न दगडी कासवाचा नाही, जिवंत कासवांचा आहे. नेरूळच्या एका ताईंनी विचारलाय. त्यांच्या रो-हाऊसमध्ये दोन सुलकाटा कासवं आहेत. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने जो कोरडा पट्टा जातो, तिथली ही जात. नात्यातल्या कुणीतरी हौसेने आणून दिली तेव्हा तळहातावर मावत होती. आता एकेकाचं वजन २० किलोच्या वर गेलंय, आणि अजून वाढणार. ताईंना मागच्या खोलीत त्यांच्यासाठी थंडीचं बंदिस्त, उबदार घर बांधायचंय. भाऊ म्हणतो, "नेरूळमध्ये कसली आलीय थंडी?" आणि सत्संगातली मैत्रीण म्हणते, "कैदेतल्या जीवाला गरम कैद दिली, तर त्याला सेवा म्हणायचं का?"

भावाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊ. डिसेंबर-जानेवारीत नवी मुंबईत काही रात्री पारा १५-१६ अंशांवर येतो. आपण एक चादर जास्त घेतो आणि झोपतो. कासवाला ती सोय नाही. त्याचं रक्त बाहेरच्या हवेवर तापतं आणि थंड होतं. युरोपातली काही कासवं हिवाळाभर झोपून काढतात, सुलकाटा तसं करत नाही. जंगलात ते जमिनीत खोल बीळ खणतं आणि तिथली स्थिर ऊब वापरतं. फरशीवर बीळ कुठून खणणार? थंडी आणि ओल एकत्र आली की त्याला श्वसनाचे आजार होतात. त्यामुळे आपल्याकडे खरी परीक्षा जानेवारीपेक्षाही जुलैत असते. चार महिने ओल, ऊन नाही, हवा कुंद. थंडीसाठी बांधलेली खोली पावसाळ्यातही तेवढीच लागणार.

आता मैत्रिणीचा प्रश्न. तो सोपा नाही. त्यासाठी परत श्लोकाकडे जाऊ.

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकावर बोलताना कासवाबद्दल दोन गोष्टी सांगतात, आपण त्यातली एकच लक्षात ठेवतो. कासव इच्छेला येईल तेव्हा अवयव आवरतं, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच्या आधी माऊली म्हणतात की ते खुशीत असलं की अवयव पसरतं. पसरणंही त्याचं, आवरणंही त्याचं. दोन्ही त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहेत, म्हणून ते स्थितप्रज्ञाला शोभणारं उदाहरण झालं.

आता थंड फरशीवर बसलेलं कासव बघा. मान आत, पाय आत, डोळे मिटलेले. घरी आलेले पाहुणे म्हणतात, "किती शांत आहे ना! अगदी ध्यान लावून बसलंय." मंडळी, ते ध्यान नाही. त्याच्या अंगात हलण्याइतकी ऊब उरलेली नाही. खाल्लेलं पचवण्याइतकीही नाही. तसंच, भीतीने आत गेलेल्या कासवाचं आवरणं ही साधना नव्हे. ज्याला पसरताच येत नाही, त्याच्या आवरण्याला अर्थ काय?

हे आपल्यालाही लागू आहे. दिवसभर ऑफिस, मग लोकल, मग तासभर रील्स बघून मन सुन्न होतं आणि आपण म्हणतो, "आज मला कशाचंच काही वाटत नाहीये, बहुतेक वैराग्य आलं." वैराग्य नाही आलं, थकवा आलाय. ज्याला कशाचंच काही वाटत नाही आणि ज्याला सगळं वाटूनही तो आवरू शकतो, या दोघांत फार अंतर आहे. गीता दुसऱ्याबद्दल बोलतेय.

आता ताईंच्या खोलीकडे या नजरेने बघू. ही खोली कासवाला आणखी आवळण्यासाठी बांधायची असेल तर मैत्रीण बरोबर आहे. पण ती त्याला पाय पसरता यावेत म्हणून असेल तर? तर बांधणीतला प्रत्येक निर्णय एक नैतिक निर्णय होतो. इथे भक्ती ठोस होते, अगदी सुताराशी बोलण्याएवढी ठोस.

भिंती जाड प्लायच्या, दोन प्लायच्या मध्ये थर्माकोल. थर्माकोल उघडा राहता कामा नये, कासव तो खातं. भिंती काचेच्या नकोत. बाहेरून आपल्याला छान दिसेल, पण पलीकडचं दिसतंय म्हणून ते दिवसभर काचेला धडका देत राहील. ऊब वरून आणि पसरून हवी. एकच छोटा दिवा लावला तर एवढ्या मोठ्या पाठीचा मधलाच भाग भाजतो, कडा थंड राहतात. म्हणून छताला रुंद हीट पॅनेल, किंवा प्रकाश न देणारे सिरॅमिक हीटर दोन-तीन, जाळीच्या आड आणि थर्मोस्टॅटला जोडलेले. रात्री तापमान साधारण २० अंशांच्या खाली जाऊ नये, दिवसा २७ ते ३० असावं, आणि एका कोपऱ्यात त्याहून गरम जागा असावी, म्हणजे कुठे बसायचं ते त्याचं त्याला ठरवता येईल. थर्मामीटर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर न लावता त्याच्या पाठीच्या उंचीवर लावायचा. वायरिंग त्याच्या तोंडाच्या आणि पायांच्या पल्ल्याबाहेर, आणि लाइनला करंट गळती झाल्यास तुटणारा ब्रेकर. वर यूव्हीबी दिवा, कारण खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते किरण जवळजवळ राहत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय त्याच्या हाडांना आणि कवचाला कॅल्शियम लागत नाही. दोन्ही नर असतील तर मध्ये भक्कम आडभिंत, कारण ते भांडतात आणि एकमेकांना उलथवतात. आणि दुपारी नेरूळमध्ये ३० अंशांचं छान ऊन असतं, तेव्हा दार उघडं. ही खोली रात्रीसाठी आणि पावसासाठी आहे, आयुष्यासाठी नाही.

या यादीतल्या प्रत्येक ओळीत एकच प्रश्न दडलाय : हे त्याला काय हवंय म्हणून करतोय, की मला काय दिसावं म्हणून? काचेची भिंत मला हवी असते. उबदार अंधार त्याला हवा असतो.

इथे भरत राजा आठवतो. राज्य सोडून तो गंडकी नदीच्या काठी साधना करायला गेला. सिंहाच्या गर्जनेने घाबरून एका गाभण हरिणीने नदीत उडी घेतली, पिल्लू पाण्यात पडलं, आई मेली. भरताने ते पाडस उचललं, वाढवलं. मग त्याचं मन पाडसातच अडकलं. नित्यकर्म सुटलं. ते थोडा वेळ दिसलं नाही तरी जीव कासावीस व्हायचा. मरताना डोळ्यांपुढे तेच होतं, आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला.

ही गोष्ट ऐकून काही जण निष्कर्ष काढतात की पाडस उचलायलाच नको होतं. मला ते पटत नाही. बुडणाऱ्या पिल्लाकडे पाठ फिरवून केलेला जप कुठल्या देवाला पोचणार होता? भागवतातही दोष दयेला दिलेला नाही, आसक्तीला दिलाय. दया विचारते, याला काय लागतंय? आसक्ती विचारते, याच्याशिवाय माझं कसं होणार? सुरुवातीला दोन्हींचे हात सारखेच दिसतात. दोघीही पाडस उचलतात. फरक पुढे कळतो, पाडस मोठं होऊन स्वतःच्या वाटेने जाऊ लागतं तेव्हा.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : हो, ही सेवा आहे, पण या सेवेने मुळातलं चुकीचं बरोबर होत नाही. हे प्राणी मुळात नेरूळला यायलाच नको होते. आल्यावर मात्र धर्म जिथे उभे आहोत तिथूनच सुरू होतो. म्हणून खोली बांधायची, आणि तिसरं कासव आणायचं नाही. पिल्लं झाली तर ती वाटत सुटायची नाहीत. परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करायची असते. ती केली नसेल तर वन विभागाकडे जाऊन काय करायचं ते विचारायचं, लपवायचं नाही. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं कासव तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात ठेवताच येत नाही. कुणी "लक्ष्मी येते" म्हणून विकत असेल तर हात जोडून नाही म्हणा. लक्ष्मी अशी पोत्यात कोंबून, चोरवाटेने येत नाही.

"मग सोडून देऊ या ना, मोक्ष मिळेल त्याला," असंही कुणी म्हणेल. सुलकाटा जमिनीवरचं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. देवळाच्या तळ्यात सोडलं तर ते बुडून मरेल. खाडीकाठच्या गवतात सोडलं तर तो परका प्राणी इथल्या जीवांच्या वाट्यात शिरेल, किंवा पहिल्याच पावसाळ्यात आजारी पडेल. आपल्या जबाबदारीतून सुटण्याला त्याची सुटका म्हणू नये. त्यागासाठी ज्याचा त्याग करतोय त्याचं पुढे काय होईल, हेही बघावं लागतं.

एक आक्षेप मात्र मला सहज मिटवता येत नाही. कासवाच्या हीटरचं बिल भरायचं आणि स्टेशनबाहेर उघड्यावर झोपलेल्या माणसाकडे बघायचंही नाही, हे कसं? यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढंच म्हणेन की एका कर्तव्याने दुसरं रद्द होत नाही. कासवाला दुसरीकडे जाता येत नाही, कारण आपणच त्याला इथे आणून ठेवलंय, हे कर्ज वेगळं. पण हीटर लावताना तो माणूस आठवला आणि टोचलं, तर ते टोचणं दाबून टाकू नका. एक ब्लँकेट तिकडेही जाऊ दे.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते ही सगळ्यात अवघड. सुलकाटा ७० वर्षं आणि त्याहून जास्त जगू शकतं. आज तिशीत असलेल्या माणसाच्या मागे ते राहणार. म्हणजे भरत राजाचा प्रश्न इथे खराखुरा आहे : मी जाताना माझ्या मनात काय असेल, आणि याचं काय होईल? आजच कुणाशी तरी बोलून ठेवणं, पैशाची थोडी सोय करणं, काळजी कशी घ्यायची ते वहीत लिहून ठेवणं, यात प्रेम कमी होत नाही. उलट आसक्तीची पकड इथेच सैल होते. भरताने पाडसासाठी सगळं केलं, फक्त आपण नसल्यावरचा विचार केला नाही.

संत म्हणतात की कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने पोसते. प्राणिशास्त्र सांगतं की कासवी अंडी पुरून निघून जाते. संतांना प्राणिशास्त्र शिकवायचं नव्हतं, त्यांना सांगायचं होतं की देवाचं आपल्याकडे लक्ष आहे आणि त्या लक्षावर आपण जगतो. ताईंनी ते उलट्या दिशेने घ्यावं. रोज सकाळी दोन मिनिटं नीट बघायचं : नाकातून पाणी येतंय का, डोळे सुजलेत का, काल खाल्लं का, रात्री पारा किती खाली गेला. या बघण्याला मी जपाइतकंच मानतो.

आजचा संकल्प : घरात कासव असो, मांजर असो की म्हातारे बाबा असोत, आपल्यावर अवलंबून असलेल्या एका जीवासाठी आपण केलेली एक सोय आज तपासून बघू. ती त्याला पसरू देते, की फक्त आपल्याला निवांत ठेवते? उत्तर नको तसं आलं तर आजच एक खिळा हलवू.

उद्या श्लोक ५९ : निराहार माणसाचे विषय सुटतात, पण गोडी का सुटत नाही?

राम कृष्ण हरी. 🙏