कूर्मदृष्टी आणि घरचे कासव

जुन्नर-आंबेगाव भागात कीर्तनाला गेले की अलीकडे एक प्रश्न कानी येतो. ‘महाराज, घरात कासव पाळावे का? त्याने अंडी घातली तर ती घरी उबवावीत का? ते तर देवाचे रूप, सेवाच घडेल ना?’ विचारणारे भाविक असतात, थट्टेने विचारीत नाहीत. तेव्हा उत्तरही सरळ दिले पाहिजे.

प्रथम त्यांची बाजू नीट मांडू. पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात पुरुषार्थ नाही. भगवंताने कूर्म होऊन मंदराचल पाठीवर धरला. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला हात लावून आपण कपाळी नेतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला उपमा दिली ती कासवाचीच. शिवाय गाय पाळतो, बैल पाळतो, मग कासवानेच काय घोडे मारले? आणि कासव विहिरीत सोडले की पाणी स्वच्छ राहते, ही तर वाडवडिलांपासूनची समजूत.

आता उत्तर ऐका. गाय-बैल हजारो वर्षे माणसाच्या संगतीत वाढले. त्यांना गोठा कळतो, धन्याची हाक कळते. कासवाला तुमचा दिवाणखाना कळत नाही. त्याला ऊन लागते, ओल लागते, माती लागते. त्याची पाठ म्हणजे वरून चढवलेले चिलखत नव्हे. फासळ्या आणि कणा यांचीच ती ढाल झालेली असते. ऊन आणि योग्य आहार मिळाला नाही की ती ढाल मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. त्यात हे जनावर मुके. कुत्रे केकाटेल, मांजर ओरडेल, पण कासव वर्षानुवर्षे गुपचूप कुढत राहील आणि घरचे लोक म्हणतील, ‘किती शांत आहे हो आमचे कासव!’

जातीजातींतही भेद आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव कोरड्या रानातले. त्याला पोहता येत नाही. कोणी पुण्य म्हणून ते तळ्यात सोडले तर ते बुडून मरते. उलट आपल्या तळ्या-ओढ्यांतले, मऊ पाठीचे कासव पाण्यातले. पण अंडी घालायला त्यालाही जमिनीवर यावे लागते. बांधलेल्या उभ्या विहिरीत सोडलेल्या मादीने वर यावे कसे? पाणी स्वच्छ राहील तेव्हा राहील, तिचा वंश मात्र त्या विहिरीतच संपला.

आता अंड्यांचे. कासव कोंबडीसारखे अंड्यांवर बसत नाही. मादी जमीन उकरते, अंडी ठेवते, माती ओढते आणि निघून जाते. पुढचे काम माती आणि सूर्यनारायण करतात. अंडे घातल्यावर थोड्याच काळात आतला जीव कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतो. मग कौतुकाने अंडे उचलून उलटेपालटे केले की तो जीव बहुधा तिथेच संपतो. पुष्कळ जातींत पिलू नर होणार की मादी, हेसुद्धा मातीच्या उष्णतेवर ठरते. घरातल्या दिव्याखाली हा हिशोब कोण सांभाळणार? आणि यदाकदाचित पिले निघालीच तर ती जायची कुठे? दुसऱ्याच्या काचेच्या पेटीत.

येथे कोणी विचारील, ‘महाराज, कासवी नुसत्या दृष्टीने पिले पोसते असे संत सांगतात. तुम्ही म्हणता ती निघून जाते. मग संतांचा दृष्टांत खोटा का?’ शंका योग्य आहे. तर्कशास्त्रात ‘कूर्मीक्षीर’ हा शब्द वंध्यापुत्राच्या पंक्तीला बसतो, कारण कासवीला दूध नाही. जिला दूध नाही, जी पिलाला कुशीत घेत नाही, तिचीही पिले वाढतात. संतांनी नवल पाहिले ते हे. दृष्टांत एकदेशी असतो. त्यातला सांगायचा अंश तेवढा घ्यावा. तो अंश असा, की पोसायला कवटाळावे लागत नाही. माउलीची कृपा लांबून येते, बांधून ठेवीत नाही. आपण मात्र त्याच कासवाला पेटीत घालतो आणि वर कूर्मदृष्टीवर डोलतो! ही विसंगती वारकऱ्याला शोभत नाही.

मग मदत करूच नये का? करावी, पण मोकळ्या हाताने. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथे समुद्री कासवांची अंडी कोल्ही-कुत्री खात, माणसेही नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती अंडी राखायला घेतली. जाणती माणसे ती अलगद उचलून किनाऱ्यावरच कुंपणाआड वाळूत पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिले वर येतात आणि लगेच समुद्राकडे सोडली जातात. एकही घरी ठेवीत नाहीत.

दूर कशाला, आपल्याकडेच पाहा. ऊसतोडीत फडात बिबट्याची पिले सापडतात. बिबट्याने या तालुक्यांत माणसे मारली आहेत, त्या घरांचे दुःख मोठे आहे. तरीही वनखात्याची माणसे पिले माणसाळवीत बसत नाहीत. सापडली त्याच जागी ठेवून लांब होतात आणि रात्री मादी येऊन नेते. नाइलाज होतो तेव्हा माणिकडोहचे निवारा केंद्र आहेच. बिबट्याच्या पिलाबाबत जे कळते, ते कासवाबाबत का कळू नये?

राजाज्ञाही सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची ही कासवे पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना धक्का लावणे हीही शिकारच मानली आहे. वीस नखांचे कासव धन देते म्हणून लोक लाखो रुपये मोजतात. तो देवधर्म नव्हे, निव्वळ लोभ. बाजारात मिळणारे लाल कानाचे परदेशी कासव लहानपणी रुपयाएवढे दिसते, पुढे ताटलीएवढे होते. मग कंटाळून लोक ते नदीत सोडतात आणि ते इथल्या कासवांच्या अन्नात, जागेत वाटेकरी होते. तेही करू नका.

घरात कासव असेलच तर गुपचूप कुकडीत, घोडेत टाकू नका. वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा आणि त्यांच्या स्वाधीन करा. शेतात अंडी दिसली तर चार काटक्या रोवून खूण करा, नांगर तेवढा वळवून न्या. रस्त्यात कासव आडवे आले तर त्याचे तोंड जिकडे असेल तिकडच्या कडेला नेऊन ठेवा.

आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जिवाला एवढा मान देणारा हा मुलूख. येथल्या भाविकाला कासवाची पूजा करायची असेल तर देवळातले दगडी कासव पुरे आहे. जिवंत कासवाला त्याची माती आणि त्याचे पाणी ठेवावे, हीच त्याची सेवा.

रामकृष्णहरी.