श्रम, विसावा आणि गोडाचा घास

पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांवर पळसाच्या पानांनी हळद-तूप चोळतात आणि बैलांना सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी औत नाही, वखर नाही, पुढ्यात पुरणपोळी. बैल घेऊन दारोदार जाणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाची भेट, पडतो. कष्टाला कौतुकाची जोड हवी, ही समज इथे कोणत्याही पुस्तकाआधीची आहे.

पण त्या समजेत एक उणीव होती. हे कौतुक वर्षातून एकदा वाट्याला यायचे आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीने. सालदाराचा सण कसा जाईल, हे मालकाचा हात किती सैल यावर ठरायचे.

या उणिवेवर बोट ठेवणारा विचारही वर्ध्यातच पुढे आला. 1934 मध्ये गांधीजी इथे राहायला आले. तेव्हा खादीचे सूत कातणाऱ्या बायांच्या हाती दिवसाकाठी फार थोडे पैसे पडत. 1935 मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाने ठरवले की कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महागेल, खपणार नाही, ही भीती समोर असतानाही हा निर्णय झाला. बक्षिसाच्या विचारातली ही पहिली मोठी पायरी मला वाटते. आधी हक्काची मजुरी, मग गोडधोड. हक्काचे न देता हातावर ठेवलेली मिठाई म्हणजे गोड बोलून केलेली फसवणूकच.

त्याच काळात वर्ध्यातल्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा आणखी खोलात गेले. प्रत्येक कामात कंटाळवाणी राबणूक असते आणि माणसाला घडवणारा आनंदही असतो, असे त्यांचे म्हणणे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या पाहिजेत. राबणूक एकाकडे आणि आनंद दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की समाज आजारी पडतो. अन्न जसे शरीराला पोसते, तसे नीट बेतलेले काम माणसाच्या मनोबुद्धीला पोसते, हा त्यांचा विचार पुढे ई. एफ. शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या 1973 च्या पुस्तकात घेतला आणि तो जगभर गेला. कुमारप्पांच्या लेखी विसावा हा कामाचाच भाग होता. काम संपल्यावर उरलासुरला वेळ म्हणजे विसावा नव्हे.

वर्ध्याजवळच्या पवनारला विनोबांनी याच्याही पुढचे टोक गाठले. 1950 मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाला हात न लावता, कुदळ-फावडे हाती घेऊन पिकवायचे आणि त्यावर जगायचे. फळाची आस सुटली की कामातच समाधान सापडते, हे त्यांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सांगितले होते; पवनारच्या मातीत ते करून पाहिले.

विनोबांपुढे मी नतमस्तक आहे. तरी हा मार्ग स्वेच्छेने श्रम पत्करणाऱ्याचा आहे, हे विसरून चालणार नाही. दिवाळीच्या सुमारास हिंगणघाट, देवळी, समुद्रपूरच्या शिवारात कापसाची वेचणी रंगात येते. कमरेला ओटी बांधलेल्या बाया दिवसभर वाकून वेचत असतात. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटे ओरबाडतात. मजुरी किलोवर असते, म्हणून घटकाभर धुऱ्यावर टेकले तर तेवढा पैसा बुडतो. तिथे विसाव्याची किंमत बाईच चुकवते. फळाची आस सोड, असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिला योग्य भाव हवा, आणि बाभळीखाली बसून निवांत चहा पिता येईल एवढा वेळही हवा.

व्रतस्थ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्ध्याची सर्वांत लाडकी भेटवस्तू गोरस पाक आहे, ही गोष्ट मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. गाईच्या तुपातला हा खुसखुशीत पदार्थ गोसेवेच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या गोरस भांडाराने घरोघरी पोचवला. गोपालकाच्या दुधाला गिऱ्हाईक मिळावे आणि खाणाऱ्याचे तोंड गोड व्हावे, दोन्ही एकाच घासात साधते. साधेपणाचे आणि गोडाचे वैर नाही. कुणाचे कष्ट नाडून आलेल्या गोडाशी मात्र साधेपणाचे वैर असलेच पाहिजे.

आज आपण दिवसभर राबतो आणि संध्याकाळी स्वतःला काहीतरी देतो: आवडीचे गाणे, चौकातला चहा, मुलांसोबत एक फेरफटका. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. रोजचा लहान आनंद माणसाला उद्याच्या कामासाठी ताजा ठेवतो. वर्षाच्या एका सणावर सगळी भिस्त ठेवणे बरे नव्हे. फक्त एक कसोटी लावावी: माझा विसावा दुसऱ्या कुणाची जादा पाळी तर होत नाही ना?

या कसोटीला आपली घरेच आधी नापास होतात. पोळ्याला बैल सुटतो, गडी सुटतो. पुरण वाटणारी मात्र पहाटेपासून चुलीपुढे असते. यंदाच्या पोळ्याला घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पुरणाचा पाटा-वरवंटा आपल्याकडे घ्यावा, आणि तिला पहिल्या पंगतीत बसवून गरम पोळी वाढावी. पुढे आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्या हक्काची ठरवावी. कष्टाची कदर करायची असेल, तर सुरुवात तिथूनच करा.